बैलाच्या कष्टाविना

भाजी खुडायला परसात जावं, आणि येताना ओच्यात भाजी मूठभर अन् गोष्टी मणभर! मेहकरच्या परसातून मी अशाच पुष्कळ गोष्टी घरी आणल्या. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झालेला, आमचा संसारही नवाच. परस आमचं आणि शेजारच्या गोपिकाकाकूंचं मिळून. विहीर एक, तुळस एक, मध्ये कुंपण नाही.

*

पहिल्या वर्षी मी दोडका लावला. वेल आमच्या बाजूचा, फळं सगळी काकूंच्या मांडवावर! मनात थोडं आलंच. काकूंनी पहिला दोडका देवापुढे ठेवला, मग विळीवर मधोमध चिरून अर्धा माझ्या हातात दिला.

"वेलाले शीव समजत नाही, सुशीले. मंग आपून काऊन धराची?"

तेव्हापासून मी वाफे मोजले नाहीत.

*

चातुर्मासात काकूंना वांगं वर्ज्य. आणि आमच्या वांग्यांना बहर नेमका तेव्हाच! तरी काकू रोज त्यांना पाणी घालत, पानांवरची कीड वेचत.

"काकू, मोह होत नाही?"

"होते ना पोरी! पन त्याचं काम फळाचं, माह्यं काम थांबाचं."

*

काकूंचे यजमान तात्या निवृत्त तलाठी. बायकोच्या उपासांची थट्टा करणं हाच त्यांचा नित्यनेम. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं पिकवलेलंच खायचं. म्हणून काकू खुरप्यानं वाफे खणत, त्यातला माठ आणि अळू पंचमीसाठी राखत. तात्या ओसरीवरून ओरडत, "या घरचा बैल तं मीच हावो! माह्या कमाईचं वर्षभर कसं चालते वं तुले?"

"बैल म्हनवता, पन तुमच्या खांद्यावर जू तं कधी पाह्यलं नाही!"

तात्या पानाचा डबा शोधू लागले.

*

काकूंच्या व्रताचं ते सातवं वर्ष. पंचमी पार पडली की उद्यापन. गुडघे सुजलेले, नजर अधू. "औंदा सुटलं, तं पुन्हा सात वर्षं कुठून आनू?" एवढंच म्हणायच्या.

त्या श्रावणात पाऊस नाही. विहिरीचा तळ दिसला, माठानं माना टाकल्या. माझ्या यजमानांना आमची तगमग पाहवेना, त्यांनी पाण्याचं पिंपच मागवलं. मी हरखून बादलीवर बादली ओतली. चार वाफे भिजले, तेव्हा काकू दारात आल्या.

"कशावर आनलं वं पानी?"

माझ्या हातातून बादलीच सुटली. दारात गाडीचे बैल शांतपणे रवंथ करत उभे होते!

काकू रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुह्या मनात खोट नव्हती. हे चार वाफे तुम्ही खा. मले कोपऱ्यातला तो एक पुरे."

कोपऱ्यातला वाफा तेवढा कोरडा होता. नदी अर्धा कोस, काकूंचे गुडघे तसे, आणि मी सहाव्या महिन्यातली. मी तुळशीपुढे बसून खूप रडले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर कोपरा ओला! तिसऱ्या दिवशीही ओला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "ऋषीच येऊन गेले, पोरी." मीही हात जोडले. आठवड्यात माठ ताठ उभा राहिला.

मग पोळ्याचा आदला दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना पोळ्याच्या जेवणाचं आवतण देतात. पहाटे मी फुलं काढायला परसात गेले, मागोमाग काकू आल्या.

कोपऱ्यात तात्या होते. खांद्यावर कावड, दोन्हीकडे घागरी, पाय पिंढऱ्यांपर्यंत नदीच्या चिखलानं भरलेले. कावडीखालची कातडी सोलून लाल झालेली.

आम्हाला पाहून ओशाळले. घागर रिती करत पुटपुटले, "मानसानं आनलेलं तं चालते ना वं तुले?"

काकू आत गेल्या आणि वाटीत कोमट तूप-हळद घेऊन आल्या. तात्यांना तुळशीच्या ओट्यावर बसवलं आणि दोन्ही हातांनी, हलके हलके, त्यांचा खांदा मळला. मग त्यांच्या कानाशी वाकल्या.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."