चित्रातला हिरवा गाऊन

सुलेखा अमेरिकेतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका साडीच्या दुकानात ब्लाउज शिवायची. नवरा पुरुषोत्तम कारखान्यात कामाला, आणि पदरात एकुलती एक विनीता. त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात विनीताने गल्लीतल्या जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमधून एक फ्रेंच मासिक आणलं, तिच्या जन्माच्याही आधीचं. आत एका पानभर संध्याकाळच्या पार्टीचा गाऊन होता, ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढलेला. उघडे खांदे, मुठीत मावेल अशी कंबर, आणि खाली जमिनीवर सांडलेला हिरवा घेर.

"आई, शाळेच्या प्रॉम डान्सला मला हाच हवाय. यू कॅन मेक इट, राइट?"

"अगं, पण चित्रात नुसती पुढची बाजू आहे. पाठ कशी असेल कुणास ठाऊक!"

"पाठ तू ठरव."

सुलेखाने बाटलीहिरवी साटन आणली, आधी वर्तमानपत्रावर बेतून पाहिलं आणि पाठीला आपल्या मनाने बारीक कापडी बटणांची रांग लावली. दिवाळीत विनीताने तो पहिल्यांदा घालून पाहिला. असा काही बसला, की पोरीने आईला धरून गरगर फिरवलं.

ख्रिसमसच्या सुट्टीत तिला ताप येऊ लागला. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि मग कॅन्सर हा शब्द घरात आला. पोरगी वाळत चालली. पण जरा बरं वाटलं की म्हणायची, "आई, ट्राय करूया?" सुलेखा दर खेपेला कंबर आत घ्यायची. तोंडात टाचण्या धरल्या, की बोलावं लागत नसे.

"इट्स लूज अगेन, ना?"

"कापडच ताणलंय मेलं," सुलेखा टाचण्यांमधूनच पुटपुटली.

प्रॉम मे महिन्यात होता. विनीता एप्रिलमध्येच गेली.

अंत्यविधीच्या दिवशी मराठी मंडळातल्या मालिनीकाकू स्वतःचा शालू घेऊन आल्या. "निदान साडी नेसवू या गं. चारचौघांत बरं दिसेल."

काकूंचा शब्द सुलेखाने कधी मोडला नव्हता. "काकू, तिने हा मागितला होता," एवढंच ती म्हणाली, आणि तिने विनीताला ठेवलेल्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं.

तिने एकटीनेच लेकीला गाऊन चढवला. कुशीवर वळवून पाठीची बटणं एकेक करून लावली. तरी खांदे सैलच राहिले. तिने पर्समधून सुईदोरा काढला.

पुरुषोत्तम दार किलकिलं करून बघत होता. "आता कशाला, सुलेखा?"

"घसरतोय हो," ती म्हणाली, आणि टाके घालत राहिली.