मोठ्या बेटावरचा वारा

याकोमीस अथेन्सच्या विमानतळावर बॅगा चढवायचा. नऊ वर्षं तो लोकांना बेटांवर पाठवत होता, स्वतःच्या बेटावर जायचा मात्र त्याला कंटाळा. तिथे विमान उतरतच नाही. मोठ्या बेटापर्यंत विमान, मग छोट्या बोटीने तास-दीड तास.

पण यंदा जायलाच हवं होतं. संत फानूरिओसची तसबीर वर्षभर एकेका घरी असते आणि ऑगस्टमध्ये सणाला त्या घरचा मुलगा ती उचलून देवळात नेतो. आईच्या घराची पाळी अकरा वर्षांनी आली होती. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. तिने चार महिने आधीच सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं, "माझा याको उचलणार!"

आणि याको सणाच्या सकाळी झोपून राहिला. आजारी नव्हता, ड्युटी नव्हती. गजर बंद केला आणि कूस बदलली, बस्स. जाग आली तेव्हा विमान गेलेलं. आईचा फोन आला तर पटकन बोलून गेला, "अगं, मोठ्या बेटावर अडकलोय. वाऱ्याचा जोर आठ नंबरवर गेलाय, बोटी सोडत नाहीयेत!"

ऑगस्टमध्ये तिथे वारा असतोच, म्हणून बिनधास्त फेकली. नेमका त्याच दिवशी वारा पडला होता. मोठं बेट आईच्या खिडकीतून दिसतं. मधला समुद्र तेलासारखा सपाट. आणि दुपारी तिकडूनच बोट आली, अगदी वेळेवर.

दुसऱ्या दिवशी तो पोचला. धक्क्यावर दोर पकडणारा फ्रांगीस्कोस तोंड भरून हसला. "या या! उडून नाही ना गेलास?"

याकोचे कान तापले. "तसबीर कोणी नेली?"

"मारूसोच्या जावयाने. आणि तुझी आई बोटीकडे बघत सगळ्यांना सांगत होती, 'तिकडे फार वारा आहे हो.' आम्ही टोप्या धरून उभे राहिलो बघ, उडू नयेत म्हणून!"

घरापर्यंतचा चढ तो मान खाली घालून चढला. अंगणात आई आणि शेजारची मारूसो काकू कॉफी पीत होत्या. दोरीवरची चादर जराही हलत नव्हती. आईने त्याच्यासाठी ताटभर मटण झाकून ठेवलेलं.

"आलास? दमला असशील." मग काकूकडे बघून मुद्दाम मोठ्याने, "काल तिकडे फार वारा होता ना रे?"

त्याला सहन झालं नाही. "नव्हता गं आई! मी निघालोच नव्हतो. झोपलो होतो. खोटं बोललो."

काकूने घाईघाईत कप ठेवला. "गॅसवर दूध आहे माझं," म्हणत उठलीच.

आई तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबली. मग हळू म्हणाली, "ते मला कालच कळलं होतं, गाढवा. दोन दिवस अख्ख्या गावासमोर तो वारा मी एकटीने धरून ठेवला होता. तुला मोकळं वाटावं म्हणून तू तो सोडून दिलास. आता उद्या पाव आणायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

ती आत गेली. ताट तसंच झाकलेलं. याकोला वाटलं, आता तरी वारा सुटावा. चादरीची एक कडसुद्धा हलली नाही.