लांब शब्दाची तुकडी

आमचे लांबकाका उंचीने जेमतेम दाराच्या कडीपर्यंत पोचायचे. लांब होते ते त्यांचे शब्द, आणि तेही इंग्रजी. रविवारी दुपारी मालवणातल्या आमच्या घरी सगळे जेवायला बसले की काका रस्त्याकडे तोंड करून बसत. आमची रस्त्याकडे पाठ. पहिली गाडी गेली की तिच्या नंबरप्लेटवरची दोन अक्षरं ते जाहीर करत. ती दोन्ही अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द ज्याने त्याने शोधायचा. ज्याचा शब्द सर्वांत लांब, त्याला सुरमईची मधली तुकडी.

ती तुकडी बहुतेक काकांच्याच पानात पडे. मी पदवीधर, त्यात बँकेत नोकरीला. पण माझी धाव 'टुगेदर'च्या पलीकडे गेली नाही आणि शेपटीकडचा भाग काही चुकला नाही. एकदा काकांनी मालगाडीएवढा शब्द सोडला तेव्हा मी चिडून अर्थ विचारला. "अर्थ बारक्या शब्दांका असतत रे," काका म्हणाले. "लांब शब्दांका लांबी असता. तितकी पुरे."

कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते सकाळच्या चहाबरोबर पेपरऐवजी शब्दकोश वाचत. हार मात्र त्यांना वाचूनही समजली नसती. कॅरममध्ये हरायची वेळ आली की बोर्डावर पावडर कमी आहे म्हणून उठायचे.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि सुप्रिया घरात आली. फोंडाघाटाच्या वरची, कोल्हापूरकडची. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. पहिल्या रविवारी तिने चार अक्षरांचा शब्द सांगितला आणि पंगत हसली. त्यानंतर दर रविवारी ती खाली मान घालून नुसतं 'पास' म्हणायची.

एकदा सोलकढीचा आणखी एक पेला मिळवायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती काकीला सांगत होती, "आई, मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्येच राहायला जाते. हितं जेवायला बसलं की परीक्षेला बसल्यागत वाटतंय. मला न्हाई जमत." मागच्या पडवीत काका हात धूत होते. त्यांचा नळ बराच वेळ चालू राहिला.

त्या आठवड्यात काका रोज संध्याकाळी तिची चौकशी करू लागले.

"आज वॉर्डात कसले पेशंट गो?"

"गॅस्ट्रोचेच हैत, मामा. खाटा पुरंनात."

"आणि केसपेपर कोण लिवता?"

"मीच की."

एवढं विचारून काका शब्दकोश उघडत.

रविवारी त्यांनी नेहमीसारखी मान उंचावली. "कोल्हापूरची जीप! जी आणि टी!"

माझं 'टुगेदर' तयारच होतं. काकांनी 'इन्व्हेस्टिगेशन' टाकलं आणि ते सुनेकडे वळले. "तू गो?"

"पास, मामा."

"पेशंट इलो तर त्याका पास म्हणतंस काय?"

तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं आणि ती म्हणाली, "गॅस्ट्रोएन्टेरायटिस."

काकांनी बोटांवर अक्षरं मोजली, बोटं संपली, परत पहिल्यापासून मोजली. त्यांच्यापेक्षा दोन जास्त! मधली तुकडी तिच्या पानात गेली.

ही कुठली एवढी सोयीची जीप, म्हणून मी मागे वळून पाहिलं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. सावलीला एक कुत्रा झोपलेला, बस्स. इतक्या वर्षांत मागे वळून बघावं, हे या पदवीधराला कधी सुचलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं.

"तू जेव रे," काका म्हणाले.

आणि जन्मात प्रथमच त्यांनी एका लांब शब्दाचा अर्थ विचारला. सुप्रियाने तो उलट्या, जुलाब, सलाईन यांसह हातवारे करून सांगितला. पंगतीत एकाच्याही घशाखाली घास उतरेना, पण तिला कोणी थांबवलं नाही. क्वार्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. शेवटचे काही दिवस ते सुप्रियाच्याच वॉर्डात होते. नवे डॉक्टर तपासायला आले, काकांना धाप लागलेली पाहून म्हणाले, "आजोबा, बोलू नका." काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला, सलाईन लावणाऱ्या सुप्रियाकडे बोट केलं आणि सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डॉक्टर, ही माझी सून. हिणा माका हरवल्यान आसा!"