भावजींना अनुभव हवा होता

आमच्या धाकट्या भावजींइतका अनुभवाचा भुकेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. लोक नोकरी पगारासाठी करतात, भावजी अनुभवासाठी करायचे. त्यांना इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचं होतं. त्यासाठी मोठ्या बिझनेस स्कूलमधून एमबीए, आणि एमबीएला जायच्या आधी कामाचा भक्कम अनुभव, असा बेत इंजिनिअरिंग संपता संपता आखून ते सोलापूरची खोली सोडून तामलवाडीला घरी आले. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाटलं की पोरगा बँकेत लागणार, आता शाखेत रांग लावायला नको. ही बँक तसली नव्हे, इथं एक कंपनी दुसरीला विकत घेते आणि आपण मध्ये बसून सौदा जुळवायचा, असं भावजींनी परोपरीनं समजावलं. मामंजींनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजी दलालच की."

मग भावजींनी अनुभव गोळा करायला सुरुवात केली. जोखीम कशी सांभाळतात ते शिकायला तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्यात लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मालकांना विचारलं की तुमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम कोणती. मालकांनी यांच्या खिशातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं आणि तो फाटकाबाहेर ठेवून यायला सांगितलं. तिथून गावच्या दूध संकलन केंद्रात. माणूस कामाचा दिसला पाहिजे म्हणून टाय लावून जायचे, पायात मात्र चप्पल. एका सकाळी कॅनमध्ये वाकून बघताना टाय दुधात बुडाला, तरी गडी पिळून पुन्हा सरळ करून उभा. पुढे सोलापूरच्या एका कंपनीत हिशेब खात्यात रीतसर नोकरी लागली, पण संध्याकाळी घरी आले की अनुभवाची भूक शाबूतच. मी मिक्सर घ्यायचा म्हटलं तर भावजींनी मला तीन पर्याय मांडायला लावले, वर विचारलं, मिक्सर बिघडला तर पुढचा प्लॅन काय. म्हटलं, पाट्यावर वाटीन आणि तुम्हाला वाटायला बसवीन. राग यायचा मला. पण या घरात माझं मत इतक्या खोलात जाऊन विचारणारा दुसरा कुणी नव्हता, हेही खरं.

सौद्याचा खरा अनुभव मात्र मामंजींनी दिला. एक बैल विकायचा होता. जनावरांच्या बाजारात आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, कोणतं बोट किती वेळ धरलं यावर सगळं ठरतं आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. मामंजी म्हणाले, लई अनुभव पाहिजे ना, मग आज तूच कर, आणि लांब जाऊन उभे राहिले. समोरच्या दलालानं उपरण्याखाली यांची दोन बोटं धरली. भावजी नुकतेच कुठल्याशा व्हिडिओतून ठाम हस्तांदोलन शिकलेले. त्यांना वाटलं, ओळख चाललीय. त्यांनी त्याचा अख्खा पंजा पकडून जोरात हलवला आणि हसून आभारही मानले. दलालानं बैलाचं दावं सोडलं. एवढ्या चार माणसांत हात हलवल्यावर शब्द मागं घेता येत नाही, म्हणून मामंजींनी पडेल भावात बैल जाऊ दिला. घरी येऊन ओसरीवर टेकल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढला अनुभव दुसऱ्याच्या बैलावर घे."

त्या वर्षी भावजींची एमबीएची मुलाखत झाली, पण प्रवेश मिळाला नाही. तीन कामांचा अनुभव सांगून आलेला माणूस त्या दिवशी जेवला नाही, तेव्हा मला त्यांची थट्टा करवेना. मामंजींनी बजावलं की आता शेवटचं एक वर्ष, नंतर सोलापूरची नोकरी धरून लग्न करायचं. दुसऱ्या वर्षीची मुलाखत ऑनलाइन होती आणि नेट चांगलं चालायचं ते फक्त माझ्या स्वयंपाकघरात. कुकर लावायचा नाही, फोडणी द्यायची नाही, अशा अटींवर मी पाटावर बसून राहिले. भावजी पाठ केलेलं इंग्रजी धडाधडा बोलत होते. मग समोरच्यांनी काहीतरी विचारलं आणि पाठांतर तिथंच संपलं. ते हळूहळू, अडखळत बोलायला लागले. मला त्यातला बैल तेवढा कळला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. दाराबाहेर मामंजी कानोसा घेत उभे होते, त्यांनी खुणेनं विचारलं काय चाललंय. मी पुटपुटले, बैलाचं. ते म्हणाले, "तिथंबी?" आणि कपाळाला हात लावला.

आजवरची एक मोठी चूक विचारली होती त्यांनी, भावजींनी नंतर सांगितलं. कागदावर लिहून पाठ केलेली शोभिवंत चूक तोंडातून निघेना, म्हणून खरी सांगितली. समोरचा हातानं बोलत होता आणि आपण आपला हात कसा दिसतोय यातच गुंग होतो, तेव्हापासून आधी समोरच्याचं ऐकतो, असं म्हणाले म्हणे. प्रवेश मिळाला. मामंजींनी गावभर पेढे वाटले आणि जो विचारील त्याला सांगितलं की पोरगा मोठा दलाल होणार.

निघायच्या दिवशी मी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. एसटी दिसली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तिथं सगळी मोठमोठ्या कंपन्यांतली पोरं. मला न्हाय जमलं तर?"

मला त्यांना चिडवायचं होतं, पण ते राहू दिलं. म्हटलं, "न्हाय जमलं तर घरी या, भावजी. घरी यायला कसलाबी अनुभव लागत न्हाय."

ते हसले, बॅग उचलली आणि चढले. परवा मी नवा कुकर घेतला. दुकानात पहिला दाखवला तोच उचलून आणला, कुणी काही विचारलं नाही.