शूटिंगवाल्या कृष्णातच्या डोक्यातली गाठ

कोरेगावात लग्न ठरलं की लोक हॉलच्याही आधी कृष्णात शूटिंगवाल्याची तारीख घेत. एकाच लग्नातून तो दोन व्हिडिओ काढायचा. नवरीकडच्यात रुसलेली आत्या गायब, नवऱ्याकडच्यात जेवणावळीतला गोंधळ गायब. दोन्ही घरं खूश.

गेल्या वर्षी संगणकापुढं बसल्या बसल्या त्याला फिट आली. मिरजेत स्कॅन झालं, मेंदूत गाठ निघाली. बोलण्याच्या केंद्राला खेटूनच होती, म्हणून ऑपरेशन त्याला जागं ठेवून करायचं ठरलं. समोर चित्रं धरायची, त्यानं ओळखायची; अडखळला तर बोलण्याच्या भागाला धक्का लागतोय असं समजायचं.

"बैल," कृष्णात म्हणाला. "छत्री."

तिसऱ्या चित्राला तो अडखळला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर पल्लवींचा हात जागीच थांबला.

"किटली हाय," तो म्हणाला, "पर फोटो लय हललाय. कुणी काढला वो?"

तीन आठवड्यांनी गाठीचा जनुकीय अहवाल आला. कृष्णात मुलीला, शिवांजलीला, घेऊन गेला.

"पेशी जनुकातला मजकूर उतरवून घेते," डॉक्टरांनी समजावलं. "मग काही तुकडे कापते, उरलेले जोडते. जोडणी बदलली की एकाच जनुकातून वेगळी प्रथिनं बनतात."

"म्हंजे एका लग्नाचे दोन व्हिडिओ!"

"तसंच. पण कुठं कापायचं याच्या खुणा असतात. तुमच्या गाठीत अशी एक खूण बिघडलीय. एकच अक्षर बदललंय, पण त्यामुळं कामाचा तुकडा गळतो. पेशींची वाढ रोखणारं प्रथिन धड बनत नाही."

"मंगलाष्टकंच कापली की वो!" कृष्णात खराच चिडला. "असला एडिटर मी एक दिस ठेवला नसता."

मग त्याचा आवाज बारीक झाला. "ह्ये पोरीत उतरंल का?"

"तुमचं रक्तही तपासलं. बदल फक्त गाठीत आहे. तो तिच्यात उतरणार नाही."

कृष्णात खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत राहिला. शिवांजलीनं रुमाल पुढं केला.

गाठ सावकाश वाढणारी होती. बरीचशी निघाली, उरलेलीला किरणोपचार दिले. ती पुन्हा वाढू शकते, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. काढलेला तुकडा संशोधनाला द्यायला कृष्णातनं लगेच सही केली.

आता दर चार महिन्यांनी बापलेक स्कॅनला मिरजेला जातात. येताना पिशवीभर भडंग घेतात. कोरेगाव येईस्तोवर निम्मं संपलेलं असतं.