पंचवीस तासांचा रविवार

पलूसच्या ब्राह्मी मगदूमने हौसेने लिहिलेल्या अ‍ॅपचे काम एकच होते: आज सूर्यास्त किती वाजता, ते सांगणे. दिवस मावळल्यावर न जेवण्याचे व्रत पाळणारी गावातली चाळीसएक जैन घरे ते वापरत. द्राक्षबागेतून येणारी माणसेसुद्धा आधी फोन बघत, मग ताटावर बसत.

जूनमध्ये तिच्या चंपाबाई आत्या मुलाकडे, न्यू जर्सीला गेल्या. ब्राह्मीने अ‍ॅपमध्ये तिथले अक्षांश-रेखांश घातले आणि तिथला सूर्यास्त पलूसच्या घड्याळात जितक्या वाजता निघे, त्यातून सरळ साडेनऊ तास वजा केले. पाच महिने एका मिनिटाचाही फरक पडला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी फोनवर आत्यांचा बोललेला निरोप येऊन पडला होता; तिकडे अजून रविवारची संध्याकाळ होती. "ब्राह्मे, आज आभाळ भरल्यालं. तुझा फोन म्हनला, पाच बावन्नला दिवस मावळंल. सव्वापाचला ताटावर बसले. तिसरा घास हातात, आन बाहेर बघते तर काळोख! एकतीस वर्षं सांभाळलं गं. मोडलं का न्हाई, तूच सांग."

ब्राह्मीने सूर्याचे गणित तीनदा तपासले. सूर्य चुकला नव्हता. मग एक तास कुणी चोरला?

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, तिने आत्यांच्या मुलाला फोन लावला. "आर्जवदादा, तिकडं घड्याळ कुणी मागं केलं का?"

"व्हय की. शनिवारी रात्री तासभर मागं झालं. फोन आपला आपणच करतो."

"आन सांगायचं न्हाई?"

"तू प्रोग्रॅमर, आन मी सांगू व्हय?"

ती हसली, पण कुतूहल काही शमेना. उन्हाळ्यात पुढे, हिवाळ्यात मागे: तिकडचा तो रविवार पंचवीस तासांचा होता! पलूसमध्ये कुणी कधी घड्याळ मागे-पुढे केले नव्हते. म्हणून दिवस चोवीस तासांचाच, हे तिने न विचारता धरले होते. साडेनऊ हा कायमचा आकडा नव्हताच. आता तो साडेदहा झाला होता. तिने आकडा पुसला. सूर्यास्त जागतिक वेळेत काढायचा आणि त्या शहराच्या नावाने, त्या तारखेला तिथे कोणता नियम लागू आहे ते जगभरच्या घड्याळांच्या तक्त्यातून विचारायचे, असे तिने ठरवले. मार्चमधला तेवीस तासांचा दिवसही चालवून पाहिला.

व्रत मोडले का नाही, ते मात्र आत्यांनीच ठरवले होते: घास नकळत गेला, तरी पोटात गेलाच. तिकडच्या सोमवारी त्यांनी उपवास धरला.

पलूसच्या मंगळवारी सकाळी, तिकडे सोमवारची संध्याकाळ असताना, दुसरा निरोप आला. "आज जेवायचं नव्हतं, तरी खिडकीत उभी ऱ्हायले. चार एक्कावन्न. तुझं बरोबर निघालं, ब्राह्मे." पुढे त्या म्हणाल्या, "पर आता मी खिडकी सोडणार न्हाई."