गाढवमामांचं लांबून बघणं

मी एकदा ओमानमध्ये रानगाढवाच्या पोराला तूप लावलेली पोळी खायला घातली. तेव्हा मी जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. गळ्यात मुलानं वाढदिवसाला दिलेला कॅमेरा. लेन्स हातभर, ज्ञान बोटभर, आणि ऐट अशी, की जनावरांनी रांगेत उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घ्यावेत. पण ही चूक सांगायची, तर आधी गाढवमामा सांगायला हवेत.

मामा राजापूरकडचे. मस्कतमध्ये एसी दुरुस्त करायचे आणि तिथल्याच हमरिया भागात एका खोलीत चौघांत राहायचे. अल् खुवैर भागात मी मुलाकडे राहायला होते, तिथं एसी उघडायला आले, टेबलावरचा कॅमेरा बघितला आणि शिडीवरच थबकले. "ताई, शुक्रवारी मोकळ्या असता?" मी सातही वार मोकळी. मुलाला सुट्टीची झोप प्यारी, म्हणून मामांच्या खडखडणाऱ्या गाडीतून मी एकटीच निघाले.

दोन-अडीच तासांवर हरणांसाठी राखलेलं रान होतं. खुरटी काटेरी झाडं, दगड आणि धूळ. येणारे सगळे हरणांचे फोटो काढायचे. मामा मात्र अकरा वर्षं तिथल्या रानगाढवांचे काढत होते. हमरियातल्या खोलीनं त्यांना गाढवमामा केलं ते त्यामुळेच. "पूर्वी डोंगरातल्या गावांना पाणी, खजूर, सगळं यांच्या पाठीवरनं जायचं," ते सांगत. "रस्ता झाला, गाड्या आल्या. खलास. दिलं सोडून." आणि थकल्यासारखे हसून म्हणत, "हरणांना वशिला आहे हो. यांना कोण?"

त्यांचा नियम एकच, लांबून बघायचं. दगडाआड बसायचं, बोलायचं नाही, खोकलासुद्धा गिळून टाकायचा. "कान बघा, ताई. कान आपल्याकडे वळले, की समजायचं आपण जास्त जवळ आलो." मग ते मला हाताला धरून मागं सरकवत. माझे गुडघे कुरकुरत, मीही. त्यांच्या फोटोंत डोंगर, आभाळ आणि तिळाएवढे ठिपके. "मामा, यात गाढव कुठंय?" "पटकन दिसत नाही ना? मग बरोबर आलाय."

त्या वर्षी मामांचं साठावं होतं, व्हिसा संपत होता. कळपात एक फाटक्या कानाची गाढवी होती. तिची तीन पोरं आधीच्या उन्हाळ्यांत गेली होती. चौथं तगलं. मामांचा जीव त्याच्यात अडकला. "हे एवढं आईला सोडून आपलं आपण चरायला लागलेलं बघितलं, की मी गावी जायला मोकळा."

आणि मी काय केलं? एका शुक्रवारी मामा पाणवठा बघायला टेकडीपलीकडे गेले. पोर पंचवीस पावलांवर उभं, कान माझ्याकडे. मला वाटलं, लाजतंय. घरी नाशिकला माझी पहिली पोळी रोज गाईला. मस्कतमध्ये गाय कुठली? चार महिन्यांचा गोग्रास थकला होता. डबा उघडला, पोळी पुढं धरली, तोंडानं च्यक् च्यक् केलं. बऱ्याच वेळानं ते आलं आणि हातातून खाऊन गेलं. फोटो असा आला, की एकेक पापणी मोजावी. सगळ्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, बदाम आले. म्हणून पुढचे दोन शुक्रवारही मामांची पाठ वळायची वाट बघितली.

चौथ्या शुक्रवारी आमची गाडी थांबली, तर पोर धावत दाराशी आलं. मामांचा चेहरा उतरला. "असं करत नाही हो हे कधी. कोणीतरी खायला घालतंय." मी मांडीवरच्या डब्याचं झाकण दाबून धरलं आणि म्हणाले, "लोकांना कळत नाही, मामा." हे वाक्य आजही मला एकटीला गाठतं.

महिन्याभरात रानाच्या राखणदाराचा मामांना फोन आला. पोर बाहेरच्या रस्त्यावर येऊन गाड्यांपुढं उभं राहायला लागलं होतं. एक गाडी थांबली नाही.

आम्ही गेलो. मामांनी ते बघितलं, कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. अल् खुवैरला आमच्या इमारतीखाली त्यांनी गाडी उभी केली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पोळी, तूप, तिन्ही शुक्रवार. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी ते कायमचे गावी जाणार होते, त्यांच्या शिव्या तरी मला पुरल्या असत्या.

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ताई, त्याचं तोंड मऊ लागतं का हो हाताला? अकरा वर्षांत मी एकालाही हात लावला नाही."